पुस्तकांच्या ढिगाखालचे विद्वान: बासेल ते स्कोक्लोस्टर

मंगळवार, बासेल

या ट्रिपची लिस्ट सगळी मावशीची. ती आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत होती, रिटायर झाल्यावर तिने जाहीर केलं की युरोपला जायचं तर टॉवरबिवर नकोत, पुस्तकवाल्या माणसांची चित्रकारांनी जी टर उडवलीये तेवढीच बघायची. मी म्हटलं चालेल, निदान रांगा तरी नसतील.

सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या बासेलपासून, कारण छापील पुस्तकांची छापील थट्टा इथे सुरू झाली असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. झेबास्टियान ब्रांट नावाचा गृहस्थ इथल्या युनिव्हर्सिटीत कायदा शिकवायचा, त्याने 1494 च्या कार्निव्हलला 'नारेनशिफ' म्हणजे मूर्खांचं जहाज हे पुस्तक काढलं. 112 प्रकरणं, दर प्रकरणात मूर्खाचा एक प्रकार, आणि जवळजवळ प्रत्येकाला एक वुडकट, म्हणजे लाकडी ठशाने छापलेलं चित्र. आता जहाजावर पहिला नंबर कोणाचा असावा? दारूड्याचा नाही, जुगाऱ्याचा नाही, व्यभिचारी माणसाचा पण नाही. पुस्तकं जमवणाऱ्याचा!

हॉटेलात चेक-इन केलं की बासेल कार्ड हातात देतात, ट्राम-बस त्यावर फुकट, म्हणून सामान टाकून लगेच जुन्या गावात गेलो. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मावशीला नारेनशिफची फॅक्सिमिली, म्हणजे हुबेहूब नक्कल-प्रत सापडली आणि ती तिथेच उभ्या उभ्या पहिल्या चित्रावर अडकली. चित्र म्हटलं तर साधं आहे. नाकावर चष्मा लावलेला एक माणूस डेस्कमागे बसलाय, आजूबाजूला जाडजूड ग्रंथ रचलेत, डोक्यावरून मागे घुंगरांची विदूषकी टोपी लोंबतेय, आणि हातात पेन नाही तर पिसांची झटकणी. पुस्तकांवर माश्या बसू नयेत म्हणून! खालच्या कवितेत तो स्वतःच सांगतो की माझ्याकडे पुष्कळ पुस्तकं आहेत, मी ती फार वाचत नाही आणि वाचली तर कळत नाहीत, पण मी त्यांचा मान राखतो, माश्या हाकलतो. कुठे विद्येचा विषय निघाला की म्हणतो, घरी आहे माझ्याकडे भरपूर. लॅटिन म्हणाल तर वाइनला काय म्हणतात ते येतं, मूर्खाला काय म्हणतात ते येतं, आणि आपल्याला डॉक्टरसाहेब म्हणतात एवढं कळतं. शेवटी तर कमाल करतो, म्हणतो माझे कान झाकलेत म्हणून बरं, नाहीतर गिरणीवाल्याचं जनावर, म्हणजे गाढव, लगेच ओळखू आलं असतं.

मावशी म्हणाली, "हा तर समर्थांचा पढतमूर्ख." मी म्हटलं नाही गं, पढतमूर्ख निदान पढलेला तरी असतो, याने तर पुस्तक उघडलेलंच नाही. यावर तिने जरा विचार करून मान्य केलं, जे ती सहसा करत नाही.

मला यात खरी गंमत वाटली ती वेगळीच. बासेलला युनिव्हर्सिटी 1460 पासून, आणि 1490 च्या दशकात छापखाने जोरात, गुटेनबर्गच्या बायबलला अजून पन्नास वर्षं पण झालेली नव्हती. ब्रांट स्वतः या छापखान्यांसाठी पुस्तकं एडिट करून द्यायचा. म्हणजे पुस्तकांचा जो पूर आला त्यात नळ सोडणाऱ्यांपैकी हा पण एक, आणि तोच म्हणतोय की बघा लोकांनी घरं भरून ठेवलीत. आणि ती तक्रार कशातून केली तर सचित्र पुस्तकातून, जे इतकं खपलं की लगेच नकली आवृत्त्या निघाल्या, 1497 ला लॅटिन भाषांतर आलं, मग इतर भाषांत. ते विकत घेऊन न वाचता शेल्फवर ठेवणारे किती असतील हा विचार ब्रांटच्या मनात आला असणारच, तो काही भोळा माणूस नव्हता.

चित्रं कोणाची यावर बरंच लिहिलं गेलंय. पुढे जर्मनीचा मोठा चित्रकार झालेला अल्ब्रेख्ट ड्यूरर तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता आणि त्या सुमारास बासेलमध्ये राहून गेला, पुस्तकातली बरीचशी चित्रं त्याची मानतात आणि हे पहिलं पण त्यातच धरतात. माणसाचा चेहरा बघितला तर पटतं, कारण तो मठ्ठ दाखवलेला नाही, अगदी एकाग्र आहे. मन लावून झटकतोय.

बुधवार, बासेल

सकाळी कुन्स्टम्युझियम, म्हणजे कलासंग्रहालय. इथे चित्रकार हान्स होल्बाइन धाकटा भरपूर आहे, आणि त्याने काढलेला विद्वान लेखक इरॅस्मसचा 1523 चा तो प्रसिद्ध चेहरा पण आहे, बाजूने दिसणारा, मान खाली घालून कागदावर लिहिणारा, काळी टोपी, लांब नाक, शांत. थट्टा नाहीये यात काहीच. मावशी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "कागद एकच आहे बघ समोर." खरंच. आधीच्या दिवशीच्या मूर्खाभोवती ढीग आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या विद्वानासमोर एकच कागद.

पण याच इरॅस्मसने विद्वानांची सगळ्यात खतरनाक टिंगल केली हे विसरून चालणार नाही. त्याच्या 'मूर्खपणाची स्तुती' या पुस्तकात मूर्खपणा ही बाईच व्याख्यान देते आणि व्याकरणवाले, तत्त्वज्ञ, धर्मशास्त्री सगळ्यांना एकेक करून धुते. त्याची 1515 ची एक छापील प्रत बासेलला मिकोनियस नावाच्या शाळामास्तराकडे होती, आणि तिच्या मार्जिनमध्ये होल्बाइनने, काही ठिकाणी त्याच्या भावाने, पेनने चित्रं काढली. ऐंशीच्या वर. होल्बाइन तेव्हा अठरा वर्षांचा होता. ती प्रत याच म्युझियमच्या संग्रहात आहे, पण कागद आणि शाई उजेडाने खराब होते म्हणून ती भिंतीवर लावून ठेवलेली नसते, आम्ही म्युझियमच्या दुकानातल्या पुस्तकात पानं उलटून बघितली.

त्यातलं एक मला फार म्हणजे फार आवडलं. एक विद्वान रस्त्याने चाललाय, लांब झगा, आणि एका बाईकडे बघता बघता बाजारवालीच्या अंड्यांच्या टोपलीत त्याचा पाय पडलाय. बस एवढंच. पुस्तक नाही, शेल्फ नाही, तरी विद्वानाचं पूर्ण कॅरेक्टर आलं. दुसऱ्या एका पानावर इरॅस्मस स्वतः डेस्कपाशी काढलाय आणि जरा तरुण, देखणा काढलाय, ते बघून इरॅस्मस म्हणे म्हणाला की मी अजून असा दिसत असतो तर लग्नच केलं असतं. मास्तरांनी ते तिथे नोंदवून ठेवलंय म्हणून कळलं.

दुपारी म्युन्स्टर, म्हणजे मोठं चर्च, तिथे इरॅस्मसच्या नावाचा तांबूस संगमरवराचा लेख आहे. तो 1536 ला बासेललाच वारला. मावशीने तिथे मला एक भारी गोष्ट सांगितली, इरॅस्मसने आपली सगळी लायब्ररी 1525 ला एका पोलिश सरदाराला, यान लास्कीला, आधीच विकून टाकली होती, अट एवढीच की जिवंत असेपर्यंत पुस्तकं माझ्याकडे राहतील. पैसे खिशात, पुस्तकं हाताशी, आणि मेल्यावर कोणाला आवरायची कटकट नाही. "याला म्हणतात प्लॅनिंग," मावशी म्हणाली. रिटायर झालेल्या प्राध्यापकांच्या घरून येणारे खोके तिने आयुष्यभर उघडलेत, त्यामुळे हा विषय तिच्या जिव्हाळ्याचा.

जुनी कागदगिरणी आहे नदीजवळ, तिचं म्युझियम केलंय, तिथे स्वतः कागद करून बघता येतो. आम्ही केला. ओला होता, वाळवून दिला.

गुरुवार, रेल्वे

दिवस प्रवासात गेला. बासेलहून फ्रांकफुर्ट, मग व्यूर्त्सबुर्ग, तिथून छोटी गाडी श्वाइनफुर्टला. एक गाडी लेट झाली आणि पुढची चुकली, स्टेशनवर बाकड्यावर बसून मावशीने अल जाहिझची कथा सांगितली. हा नवव्या शतकातला बसऱ्याचा अरबी लेखक, प्रचंड वाचणारा, पुस्तकांच्या दुकानात रात्रीसाठी जागा भाड्याने घेऊन वाचत बसायचा म्हणतात, आणि म्हातारपणी पुस्तकांचा ढीग अंगावर पडून गेला अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, हजार वर्षं लोक ती चवीने सांगतायत, यातच सगळं आलं. विद्वान साध्या तापाने गेला तर लोकांना मजा येत नाही.

शुक्रवार, श्वाइनफुर्ट

श्वाइनफुर्ट हे बॉल बेअरिंगचं गाव. टुरिस्ट इथे का येतील? तर गेऑर्ग शेफर या बेअरिंगवाल्या उद्योगपतीने 19 व्या शतकातली जर्मन चित्रं जमवली आणि त्यातून मेन नदीच्या काठाजवळ 2000 साली म्युझियम उभं राहिलं. कार्ल स्पिट्झवेग या जर्मन चित्रकाराचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे, आणि त्यात 'पुस्तकी किडा', साधारण 1850 चं.

हे चित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं. मगवर, बुकमार्कवर, टोट बॅगवर, अर्ध्या जगातल्या लायब्रऱ्यांच्या पोस्टरवर. त्यामुळे समोर उभं राहिल्यावर पहिला धक्का साइजचा बसतो, उंची पन्नास सेंटिमीटरच्या पण किंचित आत आणि रुंदी 27 च्या आत. उभं, चिंचोळं, जणू शेल्फच्या फटीतून डोकावतोय.

शिडीच्या टोकावर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. एक पुस्तक डाव्या हातात, डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेलं, दुसरं उजव्या हातात उघडंच, तिसरं काखेत, चौथं गुडघ्यांच्या मध्ये दाबलेलं. कोटाच्या मागच्या खिशातून रुमाल लोंबतोय. गुडघ्यापर्यंतची विजार, जी 1850 मध्ये आऊट ऑफ फॅशन होऊन जमाना झाला होता. वर शेल्फवर पाटी, 'मेटाफिजिक्स', म्हणजे परतत्त्वाचं शास्त्र. खाली डाव्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल, फिकट, म्हणजे खरं जग तिथे खाली पडलंय आणि हा परतत्त्वात चढलाय. आणि जमीन दिसतच नाही! शिडी किती उंच आहे हे स्पिट्झवेगने आपल्याला कळूच दिलेलं नाही, पडला तर किती पडेल माहीत नाही, त्यामुळे आपल्या पोटात गोळा येतो आणि त्याला पत्ताच नाही.

मावशीने प्रोफेशनल परीक्षण सुरू केलं. एक, शिडीवर उभं राहून वाचायचं नाही, पुस्तक काढायचं आणि खाली यायचं. दोन, गुडघ्यात पुस्तक धरल्याने बाइंडिंग सैल होतं. तीन, "याला मी एका वेळी चार दिलीच नसती." मी म्हटलं अगं लायब्ररी त्याचीच आहे, या चित्राचं सुरुवातीचं नावच 'ग्रंथपाल' होतं. त्यावर ती एकदम गप्प झाली आणि मग परत पहिल्यापासून बघायला लागली, या वेळी जरा प्रेमाने.

स्पिट्झवेग शिकलेला फार्मसिस्ट, चित्रकला स्वतःची स्वतः शिकला. वारशाचे पैसे आले तेव्हा औषधं सोडली. त्याचा काळ म्हणजे नेपोलियन पडल्यानंतर सेन्सॉरशिप कडक झाली, लोक घरात, बागेत, छंदांत रमायला लागले तो. मग 1848 ला उठाव झाले आणि फसले, आणि दोनेक वर्षांनी हा म्हातारा शिडीवर. बाहेर एवढं झालं आणि याला वरच्या खिडकीतून येतो तेवढा उजेड पुरतो. हे वाचून मला चित्र थोडं कडू वाटलं, आधी नुसतं गोड वाटत होतं. तरी ब्रांटसारखा दात नाहीये याला. ब्रांटचा मूर्ख वाचत नाही म्हणून मूर्ख, हा वाचतो, खरंच वाचतो, आणि वाचण्यापलीकडे याला काही उरलेलं नाही. दोघांवर हसायचं पण हसणं एकसारखं नाही.

स्पिट्झवेगला पण चित्र विकण्याचं अंग होतं, याच विषयाच्या त्याने एकूण तीन आवृत्त्या केल्या, त्यातली एक आता अमेरिकेत मिलवॉकीला आहे.

म्युझियममध्ये त्याचे बाकीचे लोक पण भेटतात, कॅक्टसवाले, संन्यासी, पहारेकरी, सगळे आपापल्या कोपऱ्यात खूश. संध्याकाळच्या गाडीने म्युनिक.

शनिवार, म्युनिक

स्पिट्झवेगचा 'गरीब कवी' (1839) ज्या नॉये पिनाकोटेक या म्युझियमचा आहे ती इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी कितीतरी वर्षं बंदच आहे, आणि विमानाच्या आधी आमच्याकडे सकाळच होती. म्हणून मावशीच्या हुकमाने आल्टर झ्यूडफ्रीडहोफ या जुन्या दफनभूमीत जाऊन स्पिट्झवेगची कबर बघितली. झाडी छान, माणसं जॉगिंग करत होती.

गरीब कवीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तो शिडीवाल्याचा भाऊच आहे. पोटमाळ्यावरची खोली, छत गळतंय म्हणून गादीवर छत्री उघडून टांगलेली, कवी रजईत बसलेला, पेन दातात, शेजारी जमिनीवर जाड ग्रंथ रचलेले, त्यातला एक लॅटिन काव्यरचनेचा शालेय कोश. भिंतीवर वृत्ताच्या खुणा. आणि शेकोटीत काय कोंबलंय तर स्वतःच्याच लेखनाचा गठ्ठा, वर लॅटिनमध्ये लिहिलंय 'माझ्या कृती, भाग तिसरा'. बोटांच्या चिमटीत पिसू धरलीये की मात्रा मोजतोय यावर लोक अजून भांडतात. म्युनिकच्या कुन्स्टफेराइनमध्ये, म्हणजे कलामंडळात, पहिल्यांदा लावलं तेव्हा लोकांना आवडलं नव्हतं, कवीची चेष्टा केली म्हणून. पुढे इतकं लाडकं झालं की बर्लिनमधली त्याची आवृत्ती दोनदा चोरीला गेली. 1976 ला उलाय नावाच्या कलाकाराने ती उचलून एका तुर्की कामगार कुटुंबाच्या घरात नेऊन टांगली, ती त्याची कलाकृतीच होती, आणि लगेच परत पण दिली. 1989 ला मात्र खऱ्या चोरांनी नेली, ती अजून मिळालेली नाही.

रविवार, स्कोक्लोस्टर

रात्री उशिरा स्टॉकहोमला पोचलो होतो, तरी सकाळी लवकर निघालो कारण रविवारी बस कमी. लोकल ट्रेनने बोल्स्टा, मग बसने शेतांमधून मेलारेन तलावाकाठी. किल्ला लांबूनच दिसतो, पांढरा, चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी बुरूज. कार्ल गुस्ताव व्रांगेल या स्वीडिश सेनापतीने 1654 ला बांधायला घेतला आणि 1676 ला तो वारला तेव्हा काम जिथे होतं तिथेच थांबलं, मोठा दरबार हॉल आजही अर्धवट आहे, कामगारांची हत्यारं सुद्धा तशीच ठेवलीत.

आम्ही आलो होतो ज्युसेप्पे आर्चिम्बोल्दोच्या 'ग्रंथपाला'साठी, 1560 च्या दशकातला. हा इटालियन चित्रकार व्हिएन्नात हाब्सबुर्ग दरबारी होता आणि फळं, मासे, झाडं जोडून माणसांचे चेहरे करायचा. इथे माणूस पुस्तकांचा केलाय. छाती, खांदा, हात सगळे आडवे-उभे ठेवलेले ग्रंथ. डोक्यावर एक उघडं पुस्तक, त्याची पानं म्हणजे केस. बोटं म्हणजे पुस्तकातून बाहेर आलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या. डोळ्यांच्या जागी किल्ल्यांच्या कड्या, चष्म्यासारख्या. मागचा पडदा खांद्यावर येऊन झगा झालाय. आणि दाढी? झटकणीची! केसाळ शेपटांची धूळ झाडायची झटकणी. मावशी मोठ्याने "अय्या" म्हणाली, सगळे वळून बघायला लागले. बासेलच्या मूर्खाच्या हातात होती ती सत्तर वर्षांत हनुवटीला चिकटली.

हा कोण, तर बहुतेक व्होल्फगांग लाझियस, सम्राट फर्डिनांडचा दरबारी इतिहासकार, डॉक्टर, नकाशे काढणारा, आणि मठामठांतून जुनी हस्तलिखितं गोळा करणारा. म्हणजे विद्वानाची थट्टा असं बरीच वर्षं मानत आले. पण के. सी. एल्हार्ड यांनी 2005 च्या लेखात मांडलं की निशाणा वाचणाऱ्यावर किंवा ग्रंथपालावर नाहीच, नुसती जमवणाऱ्यावर आहे. मला समोर उभं राहून ते पटलं. एवढ्या पुस्तकांत उघडं एकच, आणि ते अशा जागी की त्याला स्वतःला कधीच दिसणार नाही. मावशीला अर्धवट पटलं. तिचं म्हणणं, किल्ल्यांचे डोळे म्हणजे कपाटाला कुलूप लावून बसणारा ग्रंथपालच, असे तिने बघितलेत, नावं घेणार नाही म्हणाली आणि मग दोन घेतली.

हे चित्र मुळातलं की नंतरची कॉपी यावर पण वाद आहे. इथे कसं आलं त्याचं उत्तर बहुधा 1648, तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी स्वीडिश सैन्याने प्राग लुटलं आणि हाब्सबुर्ग सम्राट रुडॉल्फचा संग्रह उचलला. याच किल्ल्यात आर्चिम्बोल्दोने केलेला रुडॉल्फ पण आहे, फळं-भाज्यांचा, नाक पेअरचं, आणि तो सम्राटाला आवडला होता. पुस्तकं जमवणाऱ्यांची खिल्ली उडवणारं चित्र एका सेनापतीच्या घरात आलं, आणि त्या सेनापतीची स्वतःची लायब्ररी वरच्या मजल्यावर आहे, तिच्यात लुटीतून आलेली पुस्तकं पण आहेत. म्हणजे हसायला एक गिऱ्हाईक आणखी मिळालं.

परतीच्या बसला वेळ होता, तलावाकाठी बसून भांडलो. मावशीचं मत, तिघांत खरा बुडालेला फक्त शिडीवाला, बाकी दोघं मालक. माझं म्हणणं, आर्चिम्बोल्दोचाच खरा, कारण त्याच्यातून पुस्तकं काढून घेतली तर मागे पडदा आणि दाढी एवढंच उरतं. ती म्हणाली, "उरेल ना, किल्ल्या उरतील." हे मला आधी सुचायला हवं होतं.

बसमध्ये तिने पुढची लिस्ट काढलीच. बर्लिन. तिथे थोरल्या पीटर ब्रूगेलचं 1556 चं रेखाचित्र आहे, शाळेत गेलेलं गाढव. वर्गभर पोरांचा गोंधळ, मास्तर एकाला बडवतोय, आणि खिडकीपाशी गाढव संगीताच्या कागदाकडे टक लावून, शेजारी मेणबत्ती आणि चष्मा. खालच्या ओळींचा अर्थ असा की गाढवाला शिकायला पाठवलं तरी ते घोडा होऊन परत येत नाही. कागदावरचं काम असल्याने आधी कळवून ठेवलेलं बरं, म्हणून स्टॉकहोम यायच्या आत तिने माझ्याकडून मेल टाइप करून घेतला, मराठीत सांगितला, मी इंग्लिशमध्ये लिहिला, आणि खाली स्वतःचं जुनं पद पण टाकायला लावलं.